वीस इंची चाकांचा खेळ

मुलाला दोन चाकें मिळालीं कीं तें प्रथम त्यांवर बसून सरळ जावयास शिकतें. आणि सरळ जाणें एकदां साधलें कीं दुसऱ्याच दिवसापासून त्याला वांकडें जाण्याची हौस सुटते. हात सोडून पाहावे, पुढचें चाक उचलून पाहावें, उतारावरून ब्रेक न लावतां खालीं यावें, ही बुद्धि त्याला कोणी शिकवीत नाहीं. आम्ही वडील माणसें तिला 'उनाडपणा' असें नांव देतों आणि आपल्या कामास लागतों. परंतु ह्याच उनाडपणांतून गेल्या साठ वर्षांच्या आंत एक नवा खेळ जन्मास आला. त्याला मार्ग मिळाला, नियम मिळाले, पंच मिळाले, आणि शेवटीं ऑलिंपिक सामन्यांत मानाचें स्थानहि मिळालें. त्या खेळाचें नांव बी.एम्.एक्स्. विद्यार्थिमित्रांस तें नांव आमच्यापेक्षां अधिक परिचयाचें असेल. पण त्यांच्या आईबापांपैकीं बहुतेकांनीं तें केवळ मुलांच्या हट्टाच्या रूपानें ऐकलेलें असतें. म्हणून दोघांनींहि वाचावा ह्या इच्छेनें हा थोडासा परिचय लिहीत आहें.

माझें लहानपण ज्या गांवीं गेलें तेथें लहान मुलाची सायकल म्हणून कांहीं वेगळी वस्तु नव्हती. वडिलांची २८ इंची चाकांची काळी सायकल हीच घरांतील सर्वांची सायकल. सीटवर बसून पाय पोंचत नसत. म्हणून मधल्या दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून, अंग एका बाजूस कलतें ठेवून, आम्ही अर्धें अर्धें पायडल मारीत असूं. पुढें बाजारपेठेंतील एका दुकानांत लहान सायकली तासाच्या भाड्यानें मिळूं लागल्या. त्या तासांतील एकहि मिनिट वायां जाऊं नये म्हणून आम्ही दुकानदाराच्या भिंतीवरील घड्याळाकडे पाहतच सायकल बाहेर काढीत असूं. मुलाच्या अंगाला बसणारी सायकल हातीं आली म्हणजे त्याची भीति कशी पळून जाते, हें मीं त्या भाड्याच्या तासांत अनुभवलें आहे. ह्या खेळाचा सारा इतिहास त्याच एका अनुभवावर उभा आहे, हें मला पुष्कळ वर्षांनीं समजलें.

हा विषय समजून घेण्यास कारण झाले ते आमच्या शाळेंतील एका मुलाचे वडील. मुलगा तेव्हां आठवींत होता. वडील शिवणकाम करतात. बोलणें थोडें, पण नेमकें. ते एका शनिवारीं शाळा सुटतांना मजकडे आले आणि म्हणाले, "सर, मुलगा मोबाईलवर परदेशांतील पोरांच्या करामती पाहतो आणि संध्याकाळीं गल्लींत तसेंच करूं जातो. परवां ढोपर फोडून घेऊन आला. आतां वीस इंची सायकल पाहिजे म्हणून हटून बसला आहे. हा खेळ आहे कीं खूळ आहे, एवढेंच मला सांगा. खेळ असेल तर पोटाला चिमटा घेऊन मी ती घेऊन देईन. खूळ असेल तर तुम्हीच त्याला समजावा." प्रश्न इतका सरळ होता कीं त्याला वरवरचें उत्तर देणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. मीं त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि त्या आठ दिवसांत मिळेल तेवढें वाचलें व मिळतील तेवढे सामने पाहिले. पुढें तो नाद मला कायमचाच लागला. त्यांतून जें हातीं आलें तें येथें क्रमानें मांडतों.

प्रथम नांवाचा अर्थ. 'मोटोक्रॉस' म्हणजे खांचखळग्यांच्या व चढउतारांच्या मातीच्या मार्गावर होणारी मोटारसायकलींची शर्यत. तीच शर्यत पायानें चालविण्याच्या सायकलीवर आली तेव्हां तिला 'बायसिकल मोटोक्रॉस' म्हणूं लागले. क्रॉस म्हणजे फुली, आणि फुलीसारखें दिसणारें इंग्रजी अक्षर एक्स्. म्हणून संक्षेपानें बी.एम्.एक्स्.

ह्या खेळाची जन्मभूमि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिण कॅलिफोर्निया. तेथें १९६३ सालीं श्विन ह्या सायकलींच्या कारखान्यानें 'स्टिंग-रे' नांवाची मुलांची सायकल विक्रीस काढली. तिचीं चाकें २० इंची, हॅण्डल उंच, आणि सीट केळ्यासारखी लांबट. ती दिसावयास मोटारसायकलीसारखी आणि वळवावयास सोपी असल्यामुळें मुलांना फार आवडली. त्याच प्रांतांत त्या काळीं मोटोक्रॉसच्या शर्यतींचें वेड पसरलें होतें. ज्या मुलांजवळ मोटारसायकल नव्हती, किंवा जीं ती चालविण्याच्या वयाचीं नव्हतीं, तीं आपल्या स्टिंग-रे घेऊन मोकळ्या जागेंतील मातीच्या ढिगांवरून उड्या मारूं लागलीं. तोंडानें इंजिनाचा आवाज काढीत दौडणारीं हीं मुलें म्हणजेच ह्या खेळाचे आद्य प्रवर्तक होत. १९७१ सालीं ब्रूस ब्राऊन ह्यांनीं मोटारसायकलींच्या शर्यतींवर 'ऑन एनी संडे' नांवाचा चित्रपट काढला. त्याच्या आरंभींच सायकलीवर धुरळा उडवीत जाणारीं अशीं मुलें दाखविलीं आहेत. तो पाहून इतर प्रांतांतील मुलांनींहि तेंच आरंभिलें.

आमच्या विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. ता. १४ नोव्हेंबर १९७० रोजीं लाँग बीच ह्या शहरांतील एका पडीक जागेंत स्कॉट ब्राइटहाउप्ट नांवाच्या मुलानें सायकलींची शर्यत भरविली. प्रत्येक स्पर्धकाकडून त्यानें पाव डॉलर वर्गणी घेतली, आणि मोटारसायकलींच्या शर्यतींत स्वतःस मिळालेले चषक त्यानें विजेत्यांस बक्षीस म्हणून देऊन टाकले. त्या वेळीं त्याचें वय अवघें १३ वर्षांचें होतें. ह्या खेळाच्या प्रारंभींच्या संघटकांत त्याचें नांव आजहि अग्रभागीं घेतात. मोठ्या माणसांनीं समिति नेमून हा खेळ निर्माण केला नाहीं. सातवी-आठवीच्या वयाच्या मुलांनीं तो निर्माण केला, आणि मोठीं माणसें मागाहून नियमांचीं पुस्तकें घेऊन आलीं. बक्षीस देण्यास पैसे नसतां आपलेंच बक्षीस दुसऱ्यास द्यावें हें त्या मुलाला सुचलें. खेळाडूपणा आणखी कोणता असावयाचा?

मागाहून आलेल्या मोठ्या माणसांनीं मात्र आपलें काम चोख केलें. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ह्या खेळाच्या राष्ट्रीय संस्था निघाल्या. १९८१ सालीं आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि १९८२ सालीं ओहायो संस्थानांतील डेटन येथें पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्याच वर्षीं स्टीव्हन स्पीलबर्ग ह्यांचा 'ई.टी.' हा चित्रपट निघाला. त्यांत परग्रहावरील पाहुण्यास टोपलींत बसवून मुलें ज्या सायकलींवरून पळून जातात त्या ह्याच जातीच्या, जपानांतील कुवाहारा कंपनीच्या. १९९३ सालीं हा खेळ जागतिक सायकल संघाच्या छत्राखालीं आला. २००३ सालीं ऑलिंपिक समितीनें त्यास मान्यता दिली. आणि २००८ सालीं बीजिंग येथें त्यांतील शर्यत प्रथम ऑलिंपिकमध्यें झाली. पुरुषांत लाटव्हियाचे मारिस श्ट्रोंबेर्ग्स व स्त्रियांत फ्रान्सच्या आन-कॅरोलीन शोसाँ हीं पहिलीं विजेतीं होत. श्ट्रोंबेर्ग्स ह्यांनीं २०१२ सालीं लंडन येथें पुन्हां सुवर्णपदक मिळविलें; आणि कोलंबियाच्या मारियाना पाहोन ह्यांनीं लंडन व २०१६ सालचें रिओ अशा दोन्ही ठिकाणीं तें पटकाविलें.

आतां सायकलीविषयीं. ही सायकल पाहतांच अपुरी वाटते. चाकें २० इंची, सीट इतकी खालीं कीं बसावें तर गुडघे छातीस लागावे, गिअर एकच, मडगार्ड नाहीं, स्टॅण्ड नाहीं, मागें कॅरिअर नाहीं. पण ह्या प्रत्येक उणेपणास कारण आहे. चाक लहान असलें म्हणजे स्पोक आंखूड होतात, आणि आंखूड स्पोकांचें चाक आपटण्यास अधिक टिकतें. शिवाय लहान चाक हलकें असल्यामुळें चटकन वेग घेतें. सीट खालीं असते, कारण ह्या खेळांत बसावयाचें नसतेंच. स्वार पायडलांवर उभा असतो आणि आपल्या कोंपरांचा व ढोपरांचा स्प्रिंगप्रमाणें उपयोग करतो. प्रारंभीं मुलें साध्या सायकलींवर उड्या मारीत तेव्हां त्यांच्या सांगाड्यांचे तुकडे होत. त्यामुळें कारखानदारांस क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या बळकट पोलादी नळ्यांचे सांगाडे करावे लागले. शर्यतीच्या आजच्या सायकली बहुधा ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या असतात. कसरतीच्या सायकली अद्याप पोलादाच्याच असतात, कारण त्यांस मार फार.

ह्या खेळाच्या दोन मुख्य शाखा आहेत: एक शर्यत आणि दुसरी फ्रीस्टाइल, म्हणजे मुक्त कसरत.

शर्यतीचा मार्ग सुमारें ३०० ते ४०० मीटर लांबीचा, वळणावळणांचा असतो. त्यावर मातीचे उंचवटे बांधलेले असतात. कांहीं जोडीचे, कांहीं माथ्यावर टेबलासारखे सपाट, कांहीं लाटांप्रमाणें एकामागून एक. वळणें बाहेरच्या बाजूनें उचललेलीं असतात, म्हणजे वेग कमी न करतां वळतां येतें. एका वेळीं आठ स्वार एका उंच उतारावर फाटकाला पुढचें चाक टेकवून उभे राहतात. सूचना ध्वनिमुद्रित आवाजानें होते, आणि शेवटची सूचना व फाटक पडणें ह्यांमधील अंतर प्रत्येक वेळीं निराळें ठेवतात. हेतु हा कीं कोणास अंदाजानें आधीं सुटतां येऊं नये. फाटक पडलें कीं सर्व शर्यत ३० ते ४० सेकंदांत संपते.

ऑलिंपिकमधील हा उतार ८ मीटर उंच असतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येथें आपलें पदार्थविज्ञान कामास लावावें. घर्षण व हवेचा विरोध सोडून दिला तर ८ मीटर उंचीवरून उतरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदास सुमारें साडेबारा मीटर, म्हणजे तासास ४५ किलोमीटर होतो. हें केवळ गुरुत्वाकर्षणाचें देणें झालें. त्यांत स्वारानें पायानें लावलेला जोर मिळवितां पहिल्या उंचवट्याशीं वेग तासास ६० किलोमीटरच्या घरांत जातो. पुढें मार्गावर वेग टिकविण्यास केवळ पायडल पुरत नाहींत. उंचवटा चढतांना हातपाय मुडपून सायकल वर येऊं द्यावयाची आणि उतरतांना तिला खालीं दाबावयाची, ह्या युक्तीनें स्वार पायडल न मारतांहि वेग वाढवितो. झोपाळ्यावर उभें राहून झोके घेणारी मुलगी हीच युक्ति करीत असते. उंच उडी घेणारा ह्या शर्यतींत पुढें जातो अशी प्रेक्षकांची समजूत असते. पण जो हवेंत लोंबकळतो तो मागें पडतो. चाक जमिनीस लागल्यावांचून पायाचा जोर कामास येत नाहीं. म्हणून उत्तम शर्यतपटूची उडी बेतास बेत असते.

दुसरी शाखा फ्रीस्टाइलची. हिचा आरंभहि कॅलिफोर्नियांतच झाला. १९७६-७७ च्या अवर्षणांत तेथील पुष्कळ घरांचे पोहण्याचे हौद कोरडे पडले. त्यांच्या गोलाकार भिंतींवर फळीच्या गाड्यांवरचीं मुलें खेळूं लागलीं, आणि त्यांच्यामागें सायकलवालीं मुलें गेलीं. त्यांतील बॉब हॅरो ह्या तरुणानें सपाट जमिनीवर व उतारांवर करावयाच्या कसरती बसविल्या, गांवोगांव प्रयोग केले, आणि ह्या कसरतींसाठींच खास सायकल तयार करविली. त्यांस फ्रीस्टाइलचे जनक म्हणतात. आज हिचे पांच प्रकार मानतात.

पहिला प्रकार 'पार्क'. ह्यांत लाकडी किंवा सिमेंटचे वक्र उतार असलेल्या आखाड्यांत स्वार एका उतारावरून हवेंत जातो, तेथें कसरत करतो आणि दुसऱ्या उतारावर उतरतो. ऑलिंपिकमध्यें हाच प्रकार आहे. प्रत्येकास ६० सेकंद मिळतात. पंच उंची, कठिणता, नवेपणा व सफाई पाहून शंभराच्या आंत गुण देतात.

दुसरा 'स्ट्रीट'. शहरांतील पायऱ्या, कठडे, बांक ह्यांवर करावयाची ही कसरत. चाकांच्या आंसांस लोखंडी नळकांड्या बसवितात, त्यांस पेग म्हणतात. त्या कठड्यावर टेकवून स्वार घसरत जातो. स्पर्धेसाठीं अशा वस्तु मुद्दाम मांडून आखाडा तयार करतात.

तिसरा 'डर्ट', म्हणजे मातीचा. मातीचे उंच ढीग रचून त्यांवरून एकामागून एक उड्या घ्यावयाच्या. ह्यांतील खेळाडू आपले ढीग स्वतः खणतात, पाणी मारतात, चोपतात आणि पावसांत झांकून ठेवतात. कुदळ हातीं न धरणाऱ्यास तेथें मान नाहीं.

चौथा 'व्हर्ट'. ह्यांत उतार इंग्रजी यू अक्षरासारखा असून त्याच्या भिंती वर अगदीं उभ्या होतात. अमेरिकेच्या ओक्लाहोमा संस्थानांतील मॅट हॉफमन ह्यांनीं १९८९ सालीं, वयाच्या १७ व्या वर्षीं, ह्या प्रकारांत हवेंत अडीच गिरक्या घेऊन दाखविल्या. स्पर्धेंत तसें पूर्वीं कोणी केलें नव्हतें.

पांचवा 'फ्लॅटलँड', सपाट जमिनीचा. ह्यांत ना उतार, ना ढीग, ना कठडा. घोटीव फरसबंदी अंगण पुरे. स्वार कधीं पुढच्या चाकाच्या पेगवर उभा राहतो, कधीं सांगाडा स्वतःभोंवतीं फिरवितो, आणि पाय जमिनीस न लावतां एका तोलांतून दुसऱ्या तोलांत जातो. ह्याच्या सायकलीचें मागचें चाक उलटें फिरलें तरी पायडलें फिरत नाहींत अशी त्यांत योजना असते, म्हणून मागें मागेंहि जातां येतें. आमच्याकडे मल्लखांबावर जी तोलाची व सरावाची पराकाष्ठा दिसते तीच येथें दिसते. सर्वांत कमी साधन, आणि सर्वांत अधिक धीर, असा हा प्रकार असल्यामुळें मला तो फार आवडला.

कसरतींच्या नांवांचा मोठा कोश आहे. पण मुळाक्षर एकच, आणि तें म्हणजे 'बनी हॉप', सशाची उडी. प्रथम अंग मागें नेऊन पुढचें चाक उचलावयाचें, मग हॅण्डल पुढें लोटीत पाय वर घेऊन मागचें चाक उचलावयाचें. दोन्ही चाकें क्षणभर अधांतरीं. एवढेंच वाक्य वाचावयास दहा सेकंद लागतात; साधण्यास बहुतेक मुलांस कित्येक आठवडे लागतात.

येथवर खेळाची शोभा सांगितली. आतां त्याची किंमत सांगितली नाहीं तर त्या शिवणकाम करणाऱ्या गृहस्थांस मीं प्रामाणिक उत्तर दिलें असें होणार नाहीं. २०१६ चे रिओ येथील विजेते, अमेरिकेचे कॉनर फील्ड्स, हे २०२१ सालीं टोकियो येथें उपान्त्य फेरींत असे पडले कीं त्यांच्या मेंदूंत रक्तस्राव झाला. ते बरे झाले, पण पुन्हां स्पर्धेंत उतरले नाहींत. ऑस्ट्रेलियाचे काई साकाकिबारा हे फेब्रुवारी २०२० मध्यें आपल्याच देशांतील एका शर्यतींत पडले. डोक्यास जबर मार बसला. कित्येक आठवडे ते बेशुद्ध होते, आणि चालणें-बोलणें त्यांस पुन्हां नव्यानें शिकावें लागलें. दोघांच्याहि डोक्यावर उत्तम हेल्मेटें होतीं. हेल्मेट असतां हें घडलें, तर नसतां काय घडलें असतें, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनीं स्वतः करावा.

काई ह्यांची धाकटी बहीण साया हीहि ह्याच शर्यतींत भाग घेणारी. भावाच्या अपघातानंतर तिनें खेळ सोडला असता तर कोणीहि तिला दोष दिला नसता. टोकियो येथें तीहि उपान्त्य फेरींत पडली. परंतु तिनें पुन्हां सराव केला, आणि २ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या सामन्यांत ती सुवर्णपदकाची मानकरी झाली. तिच्या आईबापांनीं हीं चार वर्षें कशीं काढलीं असतील, हा विचार मी तो सामना पाहतांना करीत होतों. घरांतील एक मूल अंथरुणावरून उठून पाऊल टाकावयास शिकत असतां दुसऱ्यास त्याच फाटकाशीं उभें राहूं देणें, ह्याला लागणारें धैर्य कोणत्याहि पदकांत मोजलें जात नाहीं.

टोकियोच्या सामन्यांतील आणखी दोन नांवें आमच्या मुलींसाठीं येथें देतों. इंग्लंडच्या बेथ श्रीव्हर ह्यांनीं तेथें स्त्रियांची शर्यत जिंकली. मध्यंतरीं त्यांच्या देशांत ह्या शर्यतींतील स्त्रियांस मिळणारी मदत बंद झाली होती. तेव्हां त्यांनीं शाळेंत मदतनीस शिक्षिकेचें काम केलें, लोकांकडून वर्गणी जमविली आणि सराव चालू ठेवला. त्यांच्याच देशाच्या शार्लट वर्दिंग्टन ह्या पूर्वीं उपाहारगृहांत स्वयंपाकाचें काम करीत असत. पार्क प्रकार टोकियो येथें प्रथमच ऑलिंपिकमध्यें आला होता. पहिल्या संधीस त्यांनीं मागें कोलांटी घेतां घेतां पूर्ण गिरकी घेण्याचा प्रयत्न केला, आणि त्या पडल्या. दुसरी व शेवटची संधि उरली होती. सोपी कसरत निवडून पदकांपैकीं एखादें पदरांत पाडून घेण्याचा मार्ग मोकळा होता. त्यांनीं तीच कसरत पुन्हां केली, ती साधली, ९७.५० गुण मिळाले आणि सुवर्णपदक मिळालें. बीजिंग येथें ह्या खेळांत ३२ पुरुष आणि १६ स्त्रिया उतरल्या होत्या. टोकियोच्या शर्यतींत दोहोंची संख्या सारखी, २४ व २४ होती.

हें सर्व वाचून व पाहून मीं त्या गृहस्थांस जें सांगितलें तें थोडक्यांत असें. हा खेळच आहे, आणि कठीण खेळ आहे. पण गल्लींत, रिक्षा व मोटारींच्या मध्यें, कोणी तरी मोबाईलवर चित्रण करीत असतां चाक उचलणें हा त्या खेळाचा भाग नव्हे. त्या परदेशी मुलांच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रांत दिसते ती शंभरावी वेळ. आधींच्या नव्याण्णव वेळां तीं पडलीं तें कापून टाकलेलें असतें. मुलाला सायकल घेऊन द्यावी. पण आधीं हेल्मेट, मग सायकल. ढोपरांस व कोंपरांस पट्ट्या असाव्या. सराव बंद आवारांत, सपाट जागेवर, आणि एकट्यानें नव्हे. ब्रेक काढून टाकण्याची कसरतवाल्यांत एक रीत आहे. ती आमच्या मुलांनीं उचलूं नये. आणि प्रथम शिकावयाचें तें पडणें: पडतांना हात ताठ करून जमिनीवर टेकूं नयेत, सायकल सोडून द्यावी, अंग मुडपून खांद्यावरून लोळण घ्यावी.

त्या गृहस्थांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. ढोपरपट्ट्या दुकानांत महाग वाटल्या, म्हणून त्यांनीं जाड कापडांत फोम घालून त्या आपल्या मशीनवर स्वतः शिवल्या. हेल्मेट मात्र घरीं शिवतां येत नाहीं. तें त्यांनीं पैसे साठवून विकत घेतलें. सायकल जुनी मिळाली. मुलगा आतां दहावींत आहे. शाळेच्या मागील फरशीवर शनिवारीं दुपारीं तो सराव करतो, आणि त्याची सशाची उडी आतां दोन विटा ओलांडते. गणितांत तो अद्याप कच्चा आहे. परंतु एखादें उदाहरण चुकलें तर पूर्वींप्रमाणें वही मिटीत नाहीं, पुन्हां मांडतो. हा त्या खेळाचा गुण कीं वाढत्या वयाचा, हें मी ठरवूं शकत नाहीं. वडिलांनीं शिवलेल्या पट्ट्या त्याच्या ढोपरांवर असतात, एवढें मात्र मी दर शनिवारीं पाहतों.

पालकांस माझी एक विनंती आहे. आपलें मूल जें खूळ घेऊन घरीं येतें त्याचें नांव तरी आधीं विचारून घ्यावें. कांहीं खुळें खरोखर खुळेंच निघतील. पण एखाद्यामागें नियम, मेहनत व माणसें उभीं असतील, आणि तें आपण न पाहतां मोडून काढलें तर मूल आपली हौस सोडीत नाहीं, केवळ ती आपल्यापासून चोरून करूं लागतें. चोरून केलेल्या खेळांत हेल्मेट नसतें. आणि विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें इतकेंच कीं आईबाप सायकल देतात तेव्हां केवळ लोखंड देत नाहींत. आपल्या जिवाचा घोर तेवढाच तुमच्या हातीं देतात. तो सांभाळून, हेल्मेटाचा पट्टा हनुवटीखालीं घट्ट बांधून, मग खुशाल चाक उचला.